मोगरीमागची माणसं

द्वारकेच्या चौकात वरात समोरून आली, तशी दीपमाला सवयीने मागे सरकली. नवरा गेल्यापासून सासूबाईंनी बजावलं होतं – नवरदेवाच्या वाटेत उभं राहायचं नाही. आभाळ दाटलेलं, बँड बेसूर. तिने आरोहीचं बोट घट्ट धरलं, पण पोरीने दुसरा हात पांढऱ्या घोडीकडे नेलाच.

"लावू द्या हात, मॅडम. मोगरी चावत नाही," लगाम धरलेला तरुण म्हणाला.

"घोडीला कोण घाबरतंय?"

"मग कोणाला घाबरता?"

तिने आरोहीला ओढत वाट धरली. पण त्याचं ते मिश्कील बघणं घरापर्यंत सोबत आलं...

आठवड्याभराने तोच तिच्या इंग्रजीच्या क्लासच्या दारात उभा. शेखर नाव. लग्नांना घोडी देण्याचा वडिलांपासूनचा धंदा.

"नवी पाटी करतोय. मित्राने नाव सुचवलंय, कॅव्हलकेड. अर्थ कळल्याशिवाय कशी लावू?"

"घोडेस्वारांची मिरवणूक. मुळात लॅटिनमधला 'घोडा' हा शब्द. तो इटालियनमध्ये गेला, फ्रेंचमधून इंग्रजीत आला. आता नुसत्या गाड्यांच्या रांगेलाही म्हणतात."

"घोडा नसला तरी?"

"घोडा कधीच गेला त्यातला. मागचा थाट राहिलाय."

बोलली आणि तिला घरातला हार घातलेला नवऱ्याचा फोटो आठवला. त्या फोटोमागून गुपचूप चाललेले आपले दिवसही.

"मग शोभेल पाटीला," शेखर हळूच म्हणाला. "मोगरीला विकतोय. नवरदेवांना आता उघडी जीप लागते, तीच भाड्याने देणार."

त्यानंतर आरोहीच्या हट्टाने रोज संध्याकाळी तबेल्याकडे जाणं झालं. हट्ट आरोहीचाच, असं दीपमाला स्वतःला सांगायची. पोर गाजर भरवायची, आईची नजर मात्र खुरांवर. एकदा तिच्या लक्षात आलं – आरोही जिकडे सरके, तिकडे शेखर न सांगता खूर आणि पोर यांच्या मधे येऊन उभा राहायचा.

"इतकं काय बघता?" त्याने विचारलं.

"खूर बघतेय."

"मला वाटलं, मला."

"तुम्ही मधे येता, त्याला मी काय करू..."

मोगरीला न्यायला नामपूरहून टेम्पो आला. गल्लीत शिरेना, म्हणून मोठ्या रस्त्यावर थांबला. शेखरचा चेहरा उतरलेला.

"तिथपर्यंत याल?"

"लोक बघतील."

"बघतीलच."

दीपमालाने क्षणभर डोळे मिटले. मग कधी बोट न सोडणाऱ्या तिने आरोहीला उचलून मोगरीच्या पाठीवर बसवलं. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने ती. ना बँड, ना दिवे. नुसती टापांची टपटप.

"याला चालेल तो शब्द, कॅव्हलकेड?" शेखरने विचारलं.

"एकाच घोडीला?"

"मागे माणसं आहेत ना." तो थांबला. "घोडी गेल्यावरही... चालाल माझ्याबरोबर?"

तिने आरोहीला खाली उतरवलं. मोगरी टेम्पोत चढताना मागे वळून बघत राहिली. आरोही रडली. शेखरने काढून घेतलेला लगाम हाताला गुंडाळला.

टेम्पो दिसेनासा झाला, तोच वळणावरून दुसरी वरात आली. फुलांनी मढवलेली जीप, तिच्यात नवरदेव. शेखरने दीपमालाकडे पाहिलं आणि तिला मागे व्हायला जागा करून दिली.

दीपमाला जागची हलली नाही. त्याच्या हातातल्या रिकाम्या लगामाचं लोंबतं टोक तिने उचललं, मुठीत धरलं, आणि वरात समोरून पूर्ण जाईपर्यंत तशीच उभी राहिली.