पहिला मासा

ऊर्जानगरातल्या त्या छोट्या ऑफिसात अजयची आठ वर्षं झाली होती, आचलचे सहा महिने. तरी चहा आला की साहेब तिच्याच खुर्चीमागं उभे राहायचे. अजयला ते काट्यासारखं सलायचं.

दोघांचे प्रोग्राम एकाच कामाचे होते: दूरच्या पंपाला तळ्याच्या पाण्याची पातळी विचारायची आणि पडद्यावरच्या खिडकीत दाखवायची. उत्तर येईस्तोवर अजयची खिडकी पांढरी पडायची. माऊस आपटा, बटणं दाबा, ढिम्म. आचलची मात्र हसतीखेळती. शनिवारी साहेब दोन्ही पाहून एक ठेवणार होते.

"तुह्यी काऊन अडकत नाई वं?" त्याला राहवलं नाही.

"माहे बापूजी जाळं टाकून पाण्याकडं पाहत बसत नाई, अजयभाऊ. घुंगरू बांधतात अन् दुसऱ्या कामाले लागतात. वाजलं का उठतात." ती हसली. "तळं दुसऱ्याचं असलं, तर पहिला मासा पाण्याले वापस देतात. खिडकीचं चक्र तिचं सोताचं असते, रांगेतलं एकेक काम उचलत फिरते. आपण तिथं पाहुणे."

शुक्रवारी उपास म्हणून आचल लवकर घरी गेली. अजयनं तिचा कोड फ्लॉपीवर उचलला, तिचं नाव खोडून आपलं घातलं. शेवटी एक ओळ होती: पहिलं उत्तर आलं की ताबा खिडकीला परत. शेजारी तिनं लिहिलं होतं, 'बापूजींचा मासा'.

"म्हाताऱ्याचं खूळ," म्हणत त्यानं ती ओळही पुसली.

शनिवारी सकाळी, कोणी यायच्या आधी, त्यानं प्रोग्राम चालवला. आकडे सरसर आले. खिडकी अडकली नाही. हसत त्यानं मान वळवली.

भिंतीवरच्या घड्याळात संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. टेबलावर चहा होता, सायीवर मेलेली माशी. खोलीत कोणी नव्हतं.

"चहा घ्या, अजयभाऊ," आचलचा आवाज आला.

त्यानं चहूकडं पाहिलं. फक्त पंखा फिरत होता. सकाळचा आवाज आत्ता पोचत होता.

"झकास!" हा साहेबांचा. "अडकतच नाई. आचलचंच काम दिसते हे."

नाही, माझं आहे, असं अजय म्हणायला गेला. ओठ हलले नाहीत.

"अजय? बोलत काऊन नाई?"

खुर्ची सरकल्याचा आवाज.

"साहेब, हात थंडगार लागून राह्यले यांचे."

मग बरीच पावलं. मग आचल, अगदी हळू: "ते ओळ काऊन काढली, भाऊ?"

"सांभाळून धरा. जिना अरुंद आहे." हा कुणा अनोळख्याचा.

पडद्यावर पाण्याचे आकडे शांतपणे बदलत होते. अजयनं उठायचं ठरवलं. ते ठरवणंही मुकाट रांगेत सगळ्यांच्या मागं जाऊन उभं राहिलं.