हिनोतानीची भातलावणी

हिनोतानी गाव कुरामोतो शहरात विलीन झालं तेव्हा मी शाळेत होते. आता त्याच शहराच्या शेती खात्यात आहे. आमच्या मोरिवाकी साहेबांनी मला वर पाठवलं ते एवढंच बघायला, की डोंगरातली खाचरं पडीक आहेत का. असतील तर पाटाची दुरुस्ती थांबवायची. गावात चारच म्हातारी माणसं उरली होती.

वर पोचले आणि बघतच राहिले. पायथ्यापासून देवळापर्यंत खाचरं पाण्यानं भरलेली. बांध हातानं लिंपून गुळगुळीत केलेले. खालची सगळी लावून झाली होती, आणि ओळी इतक्या सरळ की लावणाऱ्याच्या पाया पडावं.

"एवढं कुणी लावलं?" मी विचारलं.

वरच्या खाचरात वाकून लावणी करणाऱ्या त्सुनेयो आजींनी कंबर सरळ न करताच उत्तर दिलं, "कुणी म्हणजे? आम्ही."

"चौघांनी?"

"चौघांनी कशाला? सगळ्यांनी."

शेजारचे इवाओ आजोबा हसले. "शहरातली माणसं नुसते प्रश्न लावतात. रोपं लाव की, पोरी!"

बूट काढून चिखलात उतरले. पाणी हाडं गोठवणारं. चौघं माझ्या डावीकडे, उजवीकडे कुणीच नाही. मागे मागे सरकत लावत निघालो. आजींनी गाणं धरलं. एक ओळ म्हणायच्या आणि थांबायच्या. त्या जागेत कुणीही काही म्हणत नव्हतं, तरी आजी मान डोलवत पुरत्या थांबायच्या, मग पुढची ओळ घ्यायच्या.

धुकं उतरलं. हातभर पलीकडचं दिसेना. माझ्या उजवीकडचं पाणी हलत होतं. वारा असेल म्हटलं. गालाला वारा लागत नव्हता.

मग ते पाणी कोमट लागू लागलं.

माझी ओळ वाकडी जात होती. उजव्या कोपराला कुणीतरी हलकेच ढोसलं. मी ओळ सरळ केली.

वळून बघितलं नाही. भीती होतीच, पण त्याहून जास्त म्हणजे कामाची लय मोडवेना. इतकी सुंदर लय मी कधी अनुभवली नव्हती.

टाचा बांधाला टेकल्या. धुकं विरलं.

उजवीकडचं अख्खं खाचर लावून झालं होतं.

चौघं बांधावर जेवायला बसली. मी थोडं दूर जाऊन साहेबांना फोन लावला.

"साहेब, एक तुकडाही पडीक नाही. पाटाची दुरुस्ती थांबवू नका."

"चार म्हाताऱ्यांनी लावलं सगळं?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय. पाहिजे तर माझ्यावर जबाबदारी टाका."

"बरं बाई, ठेवू चालू. पण जरा बाजूला जाऊन बोल ना, गलका केवढा तो! जत्रा आहे का तिथं?"

मी मागे बघितलं. चौघं मुकाट्यानं भाताचे गोळे खात होती. बेडूकसुद्धा ओरडत नव्हता.

"जा, जा," साहेब हसून म्हणाले. "कुणी बाई तुला बोलावतेय. तुझी जागा धरून ठेवलीय म्हणे."