त्याच्या चार ओळी, माझ्या नावावर

मी चहा घेऊन परत आले, तर माझ्या खुर्चीवर एक परका माणूस — आणि माझ्याच लॅपटॉपवर टाइप करतोय! लॅपटॉप उघडा टाकून उठायची माझी जुनी खोड.

“ओ, जागा माझी आहे ही!”

“माहितीये. पण तुमचा बग इतका केविलवाणा दिसत होता... राहवलं नाही.”

दवाखान्यांसाठी अ‍ॅप बनवतो आम्ही. एकाच वेळेची अपॉइंटमेंट दोन-दोन पेशंटना जात होती आणि मी दोन दिवस डोकं फोडून घेत होते. याने चार ओळी बदलल्या, कोड पाठवून दिला, आणि बग गायब! वर माझाच अर्धा चहा पिऊन टाकला. आगाऊ मेला! पण हसताना तो डोळे मिटून घ्यायचा, आणि मी... जाऊ दे.

सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर होता, म्हणून सगळे त्याला ‘सहामाही’ म्हणायचे; पाच महिने दुसऱ्या टीममध्ये काढून शेवटच्या महिन्यात आमच्याकडे आला होता. त्या दिवसापासून माझा अर्धा कप त्याचा झाला.

महिनाअखेरच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये सरांनी पडद्यावर कोडमधल्या बदलांची यादी उघडली. लॅपटॉप माझा, म्हणून त्या चार ओळींपुढे नाव माझं.

“याला म्हणतात काम! सीनियरच्या जागेसाठी मी हिचंच नाव देणार.”

मी खरं सांगायला तोंड उघडलं... आणि “थँक यू, सर” म्हणाले. कसं म्हणाले, देव जाणे. सहामाहीने एकदाच माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांबरोबर त्यानेही टाळ्या वाजवल्या.

सीनियरच्या जागेचं आईला कळवून बसले होते; संध्याकाळी तिचा फोन. “अगं, आत्याला सांगितलं मी! म्हटलं, माझी लेक दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत नाही.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तीन दिवस मी चहाला गेलेच नाही, त्याची चाहूल लागली की मान खाली. गुरुवारी तोच आला. माझ्या टेबलावर अर्धा कप ठेवला.

“उद्या शेवटचा दिवस माझा. कॉन्ट्रॅक्ट वाढवत नाहीयेत. सर म्हणतात, दाखवण्यासारखं काही केलं नाहीस.”

“मग सांगायचं ना तू! त्या चार ओळी...”

“आणि तुला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं? नाही जमलं.”

“का पण?”

“का म्हणे!” तो कपाकडे बघत म्हणाला. “मी काय कुणाच्याही खुर्चीवर जाऊन बसतो?”

माझे कान तापले. आनंदाने म्हणाल तर नाही — शरमेने. या माणसाची भाकरी मी हिसकावली होती, आणि हा मला चहा आणून देत होता.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले. “सर, तो बग मी सोडवला नाही. यानं सोडवला, माझ्या लॅपटॉपवरून. मी गप्प बसले... हाव सुटली मला.”

सरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

“सीनियरचं यंदा विसर. आणि तू रे, कॉन्ट्रॅक्टचे कागद घेऊन जा दुपारी.”

बाहेर आले ती तडक जिन्यात, आणि आईला फोन लावला. सगळं सांगितलं, रडत-रडतच. तेवढ्यात सहामाही वरून उतरत आला आणि दोन पायऱ्या वर थबकला. हातात कप.

आई म्हणाली, “चुकलीस खरी. पण आपणहून सांगितलंस ना? आत्याचं मी बघते.” आणि लगेच, “पण काय गं, हा मुलगा तुझा कोण?”

आठवडाभर गप्प राहायची पुरेपूर शिक्षा भोगली होती मी. त्याच्याकडे बघत, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

“आवडतो मला, आई.”

सांडला ना सगळा चहा पायऱ्यांवर!