मागच्या डाव्या दारावरचे ओरखडे

ज्याला हे खोटं वाटतं त्यानं खुशाल कोरेगावला यावं. गाडी अजून आमच्या दारात पत्र्याखाली उभी आहे. चहा पाजेन, गाडी दाखवेन. फक्त मागचं डावं दार उघडायला सांगू नका.

तसा मी भुताखेतांना मानणारा गडी नाही. असलं काही सांगणाऱ्याची मी आजवर टिंगलच केली. म्हणून तर आता गावात कुणाला सांगता येत नाही.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आणि रात्र-बित्र काही नव्हती, भर दुपार होती.

माझी बायको शिवांजली बाळंतपणाला माहेरी, तासगावला गेली होती. लेक तीन महिन्यांची झाली होती. दुसऱ्या दिवशी दोघींना घरी आणायचं होतं. त्यासाठीच मी सांगलीतून एक जुनी निळी गाडी घेतली होती. इंजिन एक नंबर.

पण मागच्या डाव्या दारावर चार ओरखडे होते. त्यांच्या भोवतीचा रंगही मेलेला.

आता माझी लेक पहिल्यांदा घरी येणार, ती असल्या गाडीतून? मला ते काही पटेना. दुसऱ्यानं केलेलं कामही मला पटत नाही. मोबाईलवर बघून सामान आणलं, गाडी लिंबाखाली सावलीत घेतली आणि धुऊन काढली.

ओरखडा किती खोल आहे हे बघायची सोपी रीत आहे. त्यावरून आडवं नख फिरवायचं. नख अडकलं तर खोल, मग रंगवाल्याकडं जायचं. सरकलं तर वरवरचा, घरीच निघतो.

माझं नख सरकलं.

माझे चुलते लालासाहेब तात्या कट्ट्यावर बसून बघत होते. मिलिटरीतून रिटायर झालेला माणूस, बोलणं कमी. ते उठून आले आणि आपली चार बोटं त्या ओरखड्यांवर ठेवली. तात्यांची बोटं जाड. ओरखड्यांमधलं अंतर त्याहून कमी होतं.

"वीरू, ह्यो खिळा न्हाई रं," ते म्हणाले. "बाईचा हात हाय. हँडल धरून गाडीबरोबर पळालीय. आत घ्या म्हणत."

मी हसलो. म्हणालो, तात्या, बॉर्डरवर राहून तुमचं डोकं फिरलंय. ते हसले नाहीत. गुमान घरी गेले.

मी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलकं घासलं. मग फडक्यावर रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग उजळायचा लेप घेतला आणि गोल गोल हात फिरवत राहिलो. हळूहळू ओरखडे विरले. रंग जिवंत झाला. दारात माझं तोंड दिसायला लागलं, मागचं अंगण दिसायला लागलं...

तेव्हा जाणवलं, सगळे आवाज बंद झालेत.

सकाळपासून रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर चालू होते, गाणी लावून. ते नव्हते. कोंबड्या नव्हत्या. नुसता माझ्या फडक्याचा आवाज.

आणि पाठीमागून एक बाई म्हणाली...

"येते रं बाळा."

साधा, दमलेला आवाज. मला वाटलं, आईकडं कुणी बसायला आली असेल, निघाली असेल. आपल्यात निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. जाणारा 'येतो' म्हणतो आणि आपण 'या' म्हणतो. जिभेला सवयच असते.

मी मान वर न करता म्हणालो, "या."

खट्ट.

दार हललं नव्हतं. माझा हात दारावरच होता. पण कुणी आत बसल्यावर गाडी जराशी दबते ना... तशी ती दबली.

चकचकीत रंगात बघितलं. मागं अंगण रिकामं होतं.

आईला विचारलं, कोण आलं होतं. ती म्हणाली, सकाळपासून कुणी फिरकलं नाही.

तरी मी दुसऱ्या दिवशी तीच गाडी घेऊन तासगावला गेलो. सासुरवाडीत काय सांगणार होतो? गाडीत बाई बसलीय म्हणून?

येताना शिवांजली बाळाला मांडीवर घेऊन मागं उजवीकडं बसली. बाळ रडून रडून लाल झालं होतं. विट्याच्या अलीकडं ते एकदम गप्प झालं.

मी आरशात बघितलं...

ते डावीकडच्या रिकाम्या सीटकडं बघत होतं. हसत होतं.

"गाडी आवडली वाटतं आमच्या राणीला," शिवांजली म्हणाली. मी आरसा वर वळवला.

घरी आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि दोघींना आत घेतलं. मग मी ते दार उघडलं. बाहेरून आरशासारखं लख्ख.

आतल्या बाजूला, काचेखालच्या प्लॅस्टिकवर... चार ओरखडे. हँडलकडं गेलेले.

नख फिरवलं. अडकलं.

त्या दिवसापासून गाडी बंद. बॅटरी उतरलीय म्हणून सांगतो. कुणी 'येतो' म्हणालं की मी नुसती मान हलवतो. लोक म्हणतात, लेक झाल्यापासून वीरधवलला माज आलाय. म्हणू देत. शिवांजलीला मात्र यातलं काही सांगितलं नाही. अंगावर पाजणारी बाई, उगाच धसका घ्यायची.

परवा संध्याकाळी रानातून आलो, तर ती अंगणात भाजी निवडत होती. सहज विचारलं, कुणी येऊन गेलं का.

"व्हय, आवाजावरनं कोण म्हातारी होती. मी आत बाळाला निजवत होते, तोंड न्हाई बघितलं. उंबऱ्यातनंच 'येते गं बाळा' म्हणाली."



"मग तू काय म्हणालीस?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "आवं, काय म्हणणार? 'या' म्हणाले."

मी आत पळालो. बाळ जागं होतं. रडत नव्हतं. सागवानी पाळण्याला नवं पॉलिश मीच मारलं होतं. त्याच्या कडेवर, बाळाच्या उशाशी... चार रेघा.

नख फिरवून बघायची माझी हिंमत झाली नाही.

आता लेकीला आम्ही दोघांच्या मध्ये घेऊन झोपतो. पाळणा रिकामाच असतो... तरी त्याच्या कड्या वाजतात. शिवांजली म्हणते, वारं सुटलंय.

मी व्हय म्हणतो. खिडक्या मीच लावलेल्या असतात.