उलटा पट्टा

मी शाळेत गेले नाही. औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला, मग लिहायला शिकले, आणि पुढे इस्पितळात आया म्हणून लागल्यावर वॉर्डात आलेला एकही कागद वाचल्याशिवाय हातावेगळा केला नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तुम्हीही ठेवू नका. घडलं तेवढं सांगते.

त्या दुपारी जेवणं आटोपली होती. शिंपीकाकांच्या चाकाच्या खुर्चीचा कमरपट्टा धुवायला गेलेला, म्हणून दुसरा आणायला मी कोठीत गेले. शिंपीकाका आमच्या वॉर्डातले पेशंट. डावी बाजू लुळी, उजवा हात शाबूत, जीभ त्याहून शाबूत. कपाटाच्या तळाशी एक जुना लांब पट्टा सापडला. खुर्चीच्या पाठीला वळसा घालून पुढे आणायचा आणि पेशंटच्या मांडीपाशी वेलक्रोच्या झडपेने बंद करायचा. झडपेला लाल फीत असते. फीत ओढली की खर्र करून पट्टा सुटतो.

हा पट्टा माणसाला बांधून ठेवायला नसतो. भान न ठेवता उठणाऱ्याला क्षणभर थांबवायला असतो. ज्याला तो स्वतःच्या हाताने उघडता येत नाही, त्याला लावायचाच नाही. लावलात तर ते बांधणं झालं, आणि बांधायला डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. आमच्या वॉर्डात हे माझ्याइतकं कोणाला कळत नाही. मीच सांगते, दुसरं कोण सांगणार?

काकांना पार मागे सरकवून बसवलं. ब्रेक लावले. पट्टा पोटावर न घेता खाली, कमरेच्या हाडांवर घेतला. आत माझा हात आडवा जाईल एवढा सैल ठेवला.

"उघडा."

त्यांनी उघडला. मी तीनदा उघडून घेतला.

"मावशी, एवढ्या ट्रायली मी नवरदेवाच्या कोटाच्याही घेतल्या नाहीत."

"नवरदेव कोटातून घसरून मरत नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्या गुडघ्यांवर पांघरूण घातलं.

वॉर्ड पेंगत होता. फिनेलचा वास, उन्हाने तापलेल्या पडद्यांचा वास. सिस्टर लांब टेबलाशी चार्ट भरत होती. मी खिडकीशी चादरींच्या घड्या घालत होते. तेवढ्यात खर्र झालं. वळून पाहिलं तर काका जागच्या जागी. जरा वेळाने पुन्हा खर्र, आणि मग कोणी तळव्याने थोपटावं तसा आवाज.

मी जाऊन पांघरूण उचललं. पुढे नुसता सपाट पट्टा. झडप खुर्चीच्या पाठीमागे गेली होती.

"सिस्टर, हे कोणाचं काम?"

"मावशी, मी जागची हललेसुद्धा नाही." खरंच तिच्या हातात पेन होतं, आणि मध्ये आठ खाटा.

मी पट्टा सरळ केला. काकांकडून पुन्हा उघडून घेतला. खुर्चीची पाठ भिंतीला भिडवली, ब्रेक लावले, पांघरूण फेकलं आणि समोर स्टूल ओढून बसले. म्हटलं, बघू आता कोण येतं.

पट्टा सरकू लागला. हळू, रोजच्या सवयीने सरकवावा तसा. लाल फीत काकांच्या कमरेवरून बाजूला गेली, हाताच्या दांडीखालून गेली, दिसेनाशी झाली. खर्र… आणि दोन थापट्या.

काकांचा उजवा हात मांडीवर फीत चाचपत होता.

"मावशी… मागे कोण आहे?"

"भिंत आहे."

"भिंत बोलत नाही… ती म्हणतेय, पडशील. गप्प बस."

"ती कोण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आवाज तुमचा आहे."

भीतीने त्यांनी उजवा पाय रेटला आणि ते पुढे घसरले. पट्टा कमरेवरून बरगड्यांवर, बरगड्यांवरून वर. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मी आधी एक हात त्यांच्या मानेशी, पट्ट्याच्या आत घालून त्यांना वर ओढलं, दुसरा मागे भिंतीच्या फटीत घातला. तिथे झडपेवर एक हात होता. खरखरीत, फिनेलने सोललेला, करंगळी जरा वाकडी. असा हात मी रोज साबण लावून धुते.

"सिस्टर, कात्री!"

तिने पट्टा कापला. काकांना आम्ही खाटेवर घेतलं. ऑक्सिजन लावला. ओठांना पुन्हा रंग यायला दहा मिनिटं लागली.

"मावशी," सिस्टर म्हणाली, "तो इतका वर चढेल हे तुम्हाला आधीच कसं कळलं? तुम्ही पहिल्यांदा मानेलाच हात घातलात."

पोरगी नवी होती, पण डोळे होते तिला.

मी सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी याच वॉर्डात टपालखात्यातल्या एक काकू होत्या. सारख्या पट्टा उघडून उठायच्या, पडायच्या. एका दुपारी मी झडप मागे फिरवली. पडशील, गप्प बस, म्हटलं, आणि चहाला गेले. परत आले तेव्हा काकू खुर्चीतून घसरल्या होत्या आणि पट्टा गळ्याशी होता. मी आधी झडप पुढे आणली, मग ओरडले. सगळे म्हणाले, बिचाऱ्या घसरल्या. तेव्हापासून मी काटेकोर. लोक कौतुक करतात. मी करू देते.

सिस्टरने टेबलावरचा कोरा कागद ओढला. "हे लिहावं लागेल, मावशी."

"लिही."

तिने पेन उचललं.

"थांब. ते इकडे दे. माझं मी लिहीन."

दोन पानं झाली. काकूंचं नाव, तारीख, झडप कुठे होती, मी कुठे होते. खाली सही केली. तोवर ड्युटी संपत आली. एप्रन सोडायला मी हात मागे नेले. रोज सुरगाठ मारते, एका ओढीत सुटते. सुटेना.

"बघ गं जरा."

सिस्टर माझ्या मागे आली. तिची बोटं गाठीवरून वर-खाली फिरली.

"काय झालं?"

"मावशी… इथे सात गाठी आहेत. एकावर एक."

ती कात्री आणायला गेली. परत येईपर्यंत आठ झाल्या होत्या.