रोल करंट मारतो

बाहीला चिकटलेला प्लास्टिकचा कपटा मी झटकत होते, आणि तो सुटायचं नाव घेत नव्हता... समोरून येणाऱ्या मशीन ऑपरेटरने नुसतं बोट पुढे केलं, तर कपटा उडी मारून त्याच्याकडे गेला.

"मला ओळखतो तो," तो हसून म्हणाला.

हा समाधान, संगमनेरचा. मी सुझी, वसईची. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमध्ये, त्याच्याच प्लास्टिक फिल्मच्या कारखान्यात रिपोर्ट लिहिणारी. त्यानंतर मला मशीनपाशी रोज काही ना काही काम निघू लागलं!

गुरुवारी त्याने लॉगबुकात लिहिलं, 'रोल करंट मारतो.' साध्या झटक्यालाही आपण करंटच म्हणतो. मॅनेजर ओवेस सरांनी मात्र अर्थ घेतला, मशीनच्या लोखंडात वीज उतरली. अर्थिंग समाधानने जोडलेलं. चूक त्याची निघाली तर व्हिसा कॅन्सल आणि शनिवारचं परतीचं विमान.

समाधानने सरांसमोर मशीन चालू करून लोखंडाला मीटर लावला. शून्य. मग रोलजवळ कागदाचा कपटा धरला, तो टुणकन चिकटला. कागदातून वीज जात नाही, मग तो ओढला कसा गेला, सरांनी विचारलं. समाधान हिंदीत समजावू लागला. फिल्म घासून रोलवर चार्ज साठतो. तो जवळ आला की कागदाच्या आतले प्लस-मायनस जागच्या जागी जरासे सरकतात. उलटी बाजू रोलकडे येते, आणि जवळची ओढ लांबच्या ढकलण्याला भारी पडते. वाहत काहीच नाही. एरवी मी त्याला मास्तर म्हणून चिडवलं असतं... आज मी सरांचा चेहरा वाचत होते.

"मीटर भी तो तेरा ही है," सर म्हणाले.

मी पुढे झाले आणि मशीनच्या उघड्या लोखंडावर तळहात टेकवला.

समाधानचा चेहरा पांढराफटक पडला. मला मात्र काहीही झालं नाही. सरांनी लॉगबुक ओढून 'करंट' खोडलं आणि 'स्टॅटिक' लिहिलं. "खलास, बात खतम. यल्ला, चलो, काम करो."

ते जाताच समाधानने माझं मनगट धरलं.

"मीटर चुकला असता तर? मरायचं होतं का तुम्हाला?"

"नाही..." मी म्हणाले. "तुझ्याबरोबर राहायचं होतं."