बिननावाचा डबा

विट्याच्या पल्याड एका वाडीत एक घर होतं. घरात कृष्णात, त्याची बायको विजयमाला आणि त्यांचा एकुलता एक लेक शिवतेज. कृष्णात लांब तमिळ मुलखात सोनं गाळायच्या दुकानात. सहा वर्षं झाली, चार दिवसांच्या वर घरी राहिला नव्हता. विजयमाला आमच्या भावकीतली, म्हणून हे मला ठाऊक. सांगोवांगीचं नव्हे, मायलेकांच्या तोंडचं. दार तेवढं लोटून घ्या आणि पुढं सरकून बसा.

शिवतेज कराडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. होस्टेलात दुसऱ्या मजल्यावर खोली, सोबतीला खंडाळ्याचा कैफ. कैफ मेसमध्ये जेवायचा आणि रोज रात्री मेसच्या आमटीच्या नावानं बोटं मोडायचा. शिवतेजचा डबा मात्र घरून यायचा. विजयमाला दुपारी डबा बांधायची, फाट्यावर जाऊन एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. साडेसातला डबा कराडच्या स्टँडवर उतरायचा. तिथं हरिबा नावाचा म्हातारा हमाल सगळ्या गावचे डबे एका फळीवर ओळीनं मांडून ठेवायचा. पोरं यायची, आपापली पिशवी ओळखून न्यायची. सकाळच्या गाडीनं धुतलेले डबे परत.

पण मोकळा डबा परत आलेला विजयमालाला खपायचा नाही. "भांडं मोकळं धाडू नगंस रं. चार फुटाणं टाक, चिमूटभर साखर टाक. मोकळं भांडं दारात आलं की माजा जीव खालीवर हुतो." शिवतेज कधी लिमलेटची गोळी टाकायचा, कधी दोन शेंगा. हसायचा, पण टाकायचा.

दोन वर्षांमागचा मार्गशीर्ष. शेवटचा गुरुवार आणि अमावस्या एकाच दिवशी आली होती. विजयमालाचं उद्यापन, घरात हळदीकुंकवाच्या बायका, त्या गडबडीत एसटी चुकली. "आज मेसात जेव रं," हे सांगायला तिनं फोन केला, पण शिवतेज कॉलेजच्या लॅबमध्ये आणि त्याचा फोन बंद. पावणेआठला तो स्टँडवर पोचला तेव्हा थंडीनं हातपाय काकडत होते. हरिबा कुठं दिसेना. बाकीचे डबे केव्हाच गेलेले. फळीवर एकच राहिला होता.

लाल पिशवी. नाव नाही, गाव नाही.

अर्धा तास तो थांबला. कुणी न्यायला आलं नाही. मेस आठलाच बंद होत होती आणि सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. कुणाचा का असेना, इथं नासण्यापेक्षा बरा, असं म्हणून त्यानं पिशवी उचलली. होस्टेलची पोरं एकमेकांचे डबे खातातच, त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

"सासूबाईंनी धाडला व्हय रं?" कैफ खाटेवर लोळत थट्टेनं म्हणाला. "पिशवी नवी दिसतीया."

"तुला काय करायचंय? खातूस का चतकोर?"

कैफनं डब्याला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. "आरं, बर्फागत गार हाय ह्यो."

शिवतेजनं झाकण काढलं. भसकन वाफ आली. मेथीची भाजी, मऊसूत बाजरीच्या भाकऱ्या, तळाच्या पुडात तूप-गूळ. तूप पातळ होतं, नुकतं चुलीवरनं उतरवल्यासारखं.

"गार कुटं? हात पोळतुया माजा."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग हसले. हसण्यावारी नेलं. शिवतेजनं शेवटच्या घासापर्यंत डबा पुसून खाल्लं. असं जेवण तो जन्मात जेवला नव्हता. 'आईपेक्षा भारी' असं अगदी ओठांवर आलं होतं. त्याचं त्यालाच कसंतरी झालं, त्यानं ते गिळलं.

सकाळी डबा नळाखाली धरला आणि स्टँडवर नेऊन ठेवला. मोकळा. आईचा असता तर आठवण झाली असती. परक्याच्या डब्यात कोण काय घालतं?

शुक्रवारी फळीवर दोन डबे होते. एक आईचा, एक लाल पिशवीतला. आईचा त्यानं कैफला दिला आणि लाल पिशवी स्वतः उघडली. शनिवारी आईच्या डब्यात नुसता भात आला, तोही अळणी. रविवारी आईचा डबा आलाच नाही. लाल पिशवी आली.

त्यानं फोन लावला. "आई, आज डबा न्हाई धाडलास?"

"डबा? कुनाचा रं?" विजयमाला जरा घुटमळली, मग हसली. "बघ की, डोस्कंच ठिकानावर न्हाई माजं. उद्या धाडते हां."

सोमवारी धाडला नाही. लाल पिशवी तेवढी आली. रात्री आठला त्यानं पुन्हा फोन केला.

"कोन?"

"म्या."

"म्या कोन?"

"आई, असं काय करतीस? शिवतेज."

 पलीकडं कुकरची शिट्टी झालेली ऐकू आली. मग विजयमाला हळू आवाजात, लोक परक्याशी बोलतात तसं बोलली, "बाळा, चुकून लागला फोन. मला लेकरू न्हाई."

फोन ठेवला गेला.

लाल पिशवी आली तेव्हापासून हे सुरू झालं होतं. शिवतेज ती न उघडताच उचलून स्टँडकडं पळाला. कैफ त्याच्या मागं. हरिबा नुकताच भाचीच्या लग्नाहून परतला होता, बाकड्यावर तंबाखू मळत बसला होता. पिशवी पाहिली आणि त्याचा हात थांबला.

"ही तुज्याकडं कशी?"

"आवं हरिबामामा, कुनाची हाय ही?"

"आदी सांग. खाल्लंस व्हय ह्यातलं?"

"चार राती."

"आन परत धाडताना आत काय घातलंस?"

"काय बी न्हाई," शिवतेज पुटपुटला. हरिबानं तंबाखू टाकून दिली.

"नदीपल्याडची येक माय हुती," तो म्हणाला. "पोरगा हितंच शिकत हुता. येका सांजंला ह्याच फळीवरनं डबा घिऊन निघाला आन फुडल्या वळनावर ट्रकाखाली आला. मायला काय ते पटंना. त्यो जेवला न्हाई, त्यो उपाशी हाय, येवढंच बोलायची. सालभर रोज डबा धाडला तिनं. मग तीबी गेली."

"मग ह्यो डबा..."

"अमावस्येला येतो. कंडक्टरला इचारलं तर म्हंतो, म्या आनला न्हाई. म्या मूठभर तांदूळ घालतो आन घाटावर पान्यात सोडतो. आत दानं दिसलं की तिला वाटतं, पोरगं जेवलं, उरलं. ह्या खेपंला म्या नव्हतो. तू मोकळा धाडलास. मोकळं भांडं गेलं की माय म्हंती, पोरगं अजून भुकेलं हाय. ती रोज धाडती. आन ज्याच्या पोटात तिचं अन्न, त्यो तिचा."

कैफनं मोटारसायकलची चावी मुठीत आवळली. "आता काय करायचं, मामा?"

"ह्याच्या घरचं धान्य पायजे. ह्याच्या आईच्या हातनं घेतलेलं. बाराच्या आत डब्यात घालून फळीवर ठेवायचं. आज पाचवी रात हाय. आज तिचं खाल्लं न्हाई तर ती सोता येनार इचारायला." हरिबानं शिवतेजचं मनगट धरलं. "तिला आई म्हनू नगंस. येकदा म्हनलास, की तुजी आई तुला जन्मात वळखायची न्हाई."

पावणेनऊला दोघं निघाले. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, कडेगावच्या पुढं नुसता अंधार. थंडीनं कान बधिर झालेले. दहाला वाडी आली. घराच्या खिडकीत उजेड होता.

शिवतेजनं कडी वाजवली. विजयमालानं दार उघडलं. त्याला वाटलं होतं, समोर पाहिल्यावर तरी ओळखेल. तिनं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि पदर सावरला.

"कुनाचं रं तुमी? येवढ्या रातीचं?"

भिंतीवर तिघांचा फोटो होता. जत्रेत काढलेला. आता त्यात दोघंच होते, आणि त्या दोघांच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा.

शिवतेज फोटोकडंच बघत राहिला. कैफनं त्याला कोपरानं ढोसलं.

"मावशी..." तो आपल्या आईला म्हणाला. "मूठभर जोंधळं देता का?"

"कशाला रं?"

"आईला... द्यायचंत."

विजयमाला घुटमळली. अनोळखी पोरं, अपरात्र. पण त्या पोराचे डोळे भरलेले पाहून तिला राहवलं नाही. आत गेली, कणगीतून ओंजळ भरून आणली आणि त्याच्या रुमालात ओतली. "च्या टाकू का? गारठलायसा की रं बाबांनू." त्यानं मान हलवली. वळताना त्याच्या पाठीमागं ती आपल्याशीच पुटपुटली, "कुनाचं लेकरू... कुठं बघितलंय ह्याला?"

बाराला वीस मिनिटं असताना ते स्टँडवर आले. हरिबा नव्हता. चहाची टपरी बंद. शेवटची गाडी कधीच गेलेली. कैफ गाडीजवळ थांबला. शिवतेज एकटाच आत गेला.

फळीजवळचा दिवा लुकलुकत होता. त्यानं डबा उघडला. वाफ आली. आतलं अन्न त्यानं टपरीबाहेर पडलेल्या केळीच्या पानावर काढलं, कुत्र्यांसाठी. एकही कुत्रं जवळ आलं नाही. चारी पुडांत त्यानं जोंधळे घातले. झाकण लावलं. फळीवर ठेवला. वळला.

मागं बांगड्या वाजल्या.

तो थांबला.

"जेवलास का रं?"

बाईचा आवाज. दमलेला. लांबून चालत आल्यासारखा.

त्यानं ओठ घट्ट मिटले.

"का जेवला न्हाईस? गोड न्हाई लागलं?"

थंड श्वास मानेवर आला. मेथीचा वास. आणि त्याच्या आत दुसरा... ओल्या मातीचा.

"बोल की, लेकरा. आई हाय मी."

त्याच्या घशात तो शब्द आला. खरंच आला. चार रात्री तिनं त्याला गरम जेवू घातलं होतं. त्याची आई त्याला विसरली होती. ही विसरली नव्हती. ओठ उघडले...

रुमालात एक जोंधळा राहिला होता. मुठीत टोचला.

"पोट भरलं, मावशी," तो म्हणाला. "लय भरलं. उरलंय बगा डब्यात."



झाकण उघडल्याचा आवाज. दाण्यांत हात फिरल्याचा. बराच वेळ.

मग बाई रडली. मोठ्यानं नव्हे. खूप दिवसांनी काम संपल्यावर माणूस खाली बसतं ना, तसं.

तो वळला नाही. चालत राहिला. दिवा विझला. घड्याळात बारा झाले आणि खिशातला फोन वाजला.

"आरं शिवतेज! मेल्या, चार दिस झालं, फोन न्हाई, काय न्हाई! आत्ता झोपंतनं दचकून उठले बग. जेवलास का न्हाई रं?"

स्टँडच्या पायरीवर बसून तो लहान पोरासारखा रडला. कैफ त्याच्या खांद्यावर हात टाकून बसला. त्या रात्री कैफनं एकही थट्टा केली नाही.

लाल पिशवी पुन्हा आली नाही. हरिबा प्रत्येक अमावस्येला फळीपाशी उभा राहून पाहायचा, आली नाही. शिवतेज चांगल्या मार्कांनी पास झाला, पुण्याला नोकरीला लागला. त्याचा पगार सुरू झाला तसा कृष्णातनं तिकडचं दुकान दुसऱ्याच्या हवाली केलं आणि कायमचा घरी आला. सात वर्षांनी, बापाच्या परतीच्या गाडीची घाई नसताना, घरात तीन ताटं मांडायचा दिवस आला. त्या दिवशी पुरणपोळ्या लाटायला शेजारची धोंडुबाई होती, विजयमालाला कुणी चुलीपाशी जाऊ दिलं नाही. ती नवं लुगडं नेसून, हाताला मेंदी लावून दारात लेकाची वाट बघत उभी होती.

शिवतेज गाडीतून उतरला. काळा नवा शर्ट घातला होता. बापाच्या पाया पडायला वाकला, आणि विजयमालाला त्याची पाठ दिसली.

पाठीवर बाजरीच्या पिठानं माखलेल्या हाताचा पंजा उमटला होता. कुणीतरी मायेनं पाठीवरनं हात फिरवावा, तसा.

घरात बाजरी नव्हती. तो पंजा धोंडुबाईचाही नव्हता. विजयमालानं आपला हात त्यावर ठेवून पाहिला. तिची बोटं त्या बोटांच्या बाहेर गेली. हाताखाली पीठ कोमट लागलं. लेकानं सांगितलेली ती लाल पिशवी तिला आठवली.

तिनं ते झटकलं नाही. लेकाला घट्ट पोटाशी धरलं आणि त्याच्या खांद्यावरून मोकळ्या रस्त्याकडं बघत उभी राहिली.